टेंभरं ग्रूपची दुसरी कॅसेट

आमच्या घरात आवाज करणारी वस्तू एकच होती, आईची कात्री. कोंढ्याला आमची एक खोली आणि पुढे पडवी. पडवीत बसून आई तेंदूची ओली पानं कापायची, आणि त्या पानांच्या बिड्या वळून आमचं घर चालायचं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभी असायची. तेव्हा कात्रीही गप्प.

वडील पवनीच्या एका बिछायत केंद्रात हमाल होते. बिछायत केंद्र म्हणजे तुमच्याकडचं मंडप-डेकोरेशनचं दुकान. सतरंज्या, तंबू, गंज म्हणजे मोठी पातेली, कढया आणि एक भोंग्याचा लाउडस्पीकर. लग्न कोणाच्याही घरचं असो, डोक्यावर बॅटरी घेऊन वरातीच्या आधी पोचणारा माणूस आमचा बाप. भोंगा झाडाला बांधायचा, वायर ओढायची आणि पंगती उठेपर्यंत झाडाखाली बसून राहायचं. काही घरी त्यांना सगळ्यात शेवटी जेवायला बोलावत. काही घरी बोलावतच नसत, त्या दिवशी ते उपाशी परत यायचे. पण गाणी ऐकून यायचे.

आमच्याकडे रेडिओ नव्हता आणि वडिलांना गाता येत नव्हतं. म्हणून ते गाणं सांगायचे. "पहिले पेटी वाजते. मंग बाई येते. बाई थांबते, अन् ती थांबली का बाजा येते." मी चुलीजवळ बसून ते ऐकायचो. गाणं म्हणजे कोण कधी येतं आणि कोण कधी थांबतं याचा हिशेब, हे मला सूर कळायच्या आधी कळलं.

आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. पोरांना शिकवायचं हे तेव्हाच ठरलेलं. वडिलांनी त्यात एका वाक्याची भर घातली. मी बारावी झालो आणि भोंग्याच्या कामाला येतो म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "बांधाचा असंल तं बांध. पण वायरीच्या आतून काय जाते ते शिकून बांध." मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. आमच्या सात पिढ्यांत पदवीचा कागद आणणारा मी पहिला. हे मी वळून वळून सांगतो, आणि सांगत राहणार. गावातले लोक म्हणाले, "बी.एस्सी. होऊन पोट्टा भोंगेच बांधून राहिला." मी म्हटलं, हो, पण वायरीच्या आतून काय जातं ते मला माहीत आहे.

भोंग्यांवरून मी रेकॉर्डिंगवर आलो. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या बाजारामागे एक खोली भाड्याने घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, गाद्यांवर अंड्यांचे ट्रे चिकटवले, आणि बाहेर पाटी लावली. ट्रे कशाला, असं सगळे विचारतात. मोकळ्या भिंतीवर आवाज आपटतो आणि माइकमध्ये दुसऱ्यांदा येतो. खडबडीत भिंत त्याला आपटू देत नाही. पण बाहेरून येणाऱ्या आवाजाला अंड्यांचे ट्रे अडवत नाहीत, आणि माझ्या मागच्या गल्लीत दिवसभर पितळ ठोकत. म्हणून चांगलं काम मी बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ठेवायचो. त्या दिवशी हातोडे बंद.

शहरातल्या वाचकाला वाटेल, स्टुडिओ म्हणजे गवई आणि वादक. आमच्याकडे गवई कमी, साडीचे सेल जास्त. "फक्त तीन दिवस, फक्त तीन दिवस" हे वाक्य मी किती गळ्यांतून काढलं असेल, देव जाणे, आणि मी तर देव मानत नाही. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना विजा आणि घोड्यांच्या टापा लागायच्या. निवडणुकीत उमेदवार यायचे. एकाला असं गाणं पाहिजे होतं की विरोधकाचं नाव कुठेच येऊ नये, पण पान ठेल्यावरच्या माणसालाही तो कोण ते कळावं. आम्ही बनवलं. आठवड्याने तो विरोधकही आला आणि म्हणाला, तसंच मलाही एक. तेही बनवलं.

एक भाजीवाला आला होता. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसायचा, म्हणून आवाज टेप करून गाडीला लावायचा होता. स्टुडिओत उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द निघेना. म्हणे, समोर बाया नाहीत तर कोणासाठी ओरडू. शेवटी माझ्या बायकोला पिशवी घेऊन काचेपलीकडे उभं केलं. तिने हातानेच "वांगी कशी?" असं विचारलं, आणि गडी सुटला. माणूस माइकमध्ये बोलत नाही, माणसाशी बोलतो. हे मला त्या भाजीवाल्याने दाखवलं, आणि पुढे ज्या वेळी ते आठवायला पाहिजे होतं त्याच वेळी मी विसरलो. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे.

कॅसेटच्या जमान्यात आमच्या जिल्ह्यात एक ग्रूप होता, टेंभरं ग्रूप. मुंबई-पुण्याची पोरं चकचकीत कपडे घालून पॉप गाणी म्हणायची, ती टीव्हीवर पाहून इथल्या तिघांनी ठरवलं, आपणही म्हणू, पण आपल्या बोलीत. नाव काय ठेवायचं यावर भांडण झालं आणि शेवटी उन्हाळ्यात जंगलात मिळणाऱ्या तेंदूच्या फळाचं नाव ठेवलं. टेंभरू बाहेरून कडक, आत गोड. नाव ऐकून लोक हसले, पण विसरले नाहीत.

तिघं म्हणजे किशोर, ललिता आणि वामनभाऊ. किशोर भंडाऱ्याचा, घरचं पितळी भांड्यांचं दुकान, गळा पहाडी, कीबोर्डही तोच वाजवायचा. ललिता तुमसरकडच्या आंबागडची, किल्ल्याखालच्या गावातली. गाणी ती जुळवायची, बोलता बोलता जुळवायची. वामनभाऊ माझ्या कोंढ्याचे, ढोलकी आणि पुढे ऑक्टोपॅड. माझ्याहून मोठे, म्हणून भाऊ. त्यांची पहिली कॅसेट मी माझ्या जुन्या टेपमशीनवर भरली, आणि ती एस.टी.त वाजली, जत्रेत वाजली, लग्नात वाजली. माझ्या वडिलांनी ती स्वतः झाडाला भोंगा बांधून वाजवली. त्या दिवशी घरी येऊन त्यांना गाणं सांगावं लागलं नाही.

त्या गाण्यांत काय होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे खडीगंमत नावाचं लोकनाट्य असतं, त्यात एक रीत आहे. एक गडी ओळ टाकतो, दुसरा ती उचलतो. टाकणारा ओळ पूर्ण करत नाही. मनाला येईल तिथे सोडतो, आज इथे, उद्या तिथे. आधी ठरवायचं नाही, ठरवलं तर त्याला मान नाही. ओळ जमिनीवर पडायच्या आत दुसऱ्याने ती झेलून पुढे न्यायची. पॉप गाण्यात या तिघांनी तेच आणलं. किशोर टाकायचा:

"धान कापता कापता, इळा हरपला माहा…"

आणि सोडायचा. कधी "माहा"वर ताण देऊन, कधी मधेच तोडून. ललिता त्याच्या तोंडाकडे पाहत असायची, ती उचलायची:

"कमरेले खोचून इळा, गावभर पाहा!"

त्या दोन ओळींच्या मधे जी एक श्वासभर जागा होती, तिच्यात लोक जीव मुठीत धरून बसायचे. पडते की काय, पडते की काय. ढोलकी त्या जागेत ताणली जायची आणि ललिताने ओळ उचलली की सुटायची. तिच्या हातून ओळ कधी पडली नाही.

मग ग्रूप फुटला. मोठं कारण नव्हतं, पण खोल होतं. नागपूरच्या एका कंपनीने किशोरला बोलावलं. एकट्याला. त्याने तीच गाणी दुसऱ्या एका बाईसोबत गायली. ललिताला कोणी सांगितलं नाही. ती तुमसरहून भंडाऱ्याला येत होती, ड्रायव्हरने टेप लावला, आणि स्वतः जुळवलेली ओळ तिने दुसऱ्या बाईच्या गळ्यातून ऐकली. ती मधल्याच थांब्यावर उतरली. त्यानंतर ती किशोरशी बोलली नाही, आणि किशोरही तिच्या गावाकडे फिरकला नाही. कंपनीने त्यालाही पुढे विचारलं नाही. तो दुकानावर बसला. ललिता अंगणवाडी सेविका झाली. वामनभाऊ ऑर्केस्ट्रा आणि नंतर डीजेच्या गाड्यांवर वाजवत राहिले, मोठमोठ्या बॉक्सच्या शेजारी उभे राहून, वर्षानुवर्षं.

आता अलीकडची गोष्ट. माझं काम बरंच कमी झालं आहे. साडीच्या सेलचा आवाज आता मोबाइलच बनवून देतो, माणूस लागतच नाही. अशा एका दुपारी वामनभाऊ स्टुडिओत आले. मी "बसा भाऊ" म्हणालो, ते उभेच राहिले. पुन्हा म्हणालो. मग ते डावा कान पुढे करून म्हणाले, "या बाजूनं बोल गा. तो उजवा गेला."

त्यांनी शांतपणे सांगितलं. उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. डावा उतरून राहिला आहे. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं की मशीन लावा, बोलणं समजेल, पण गाणं गाण्यासारखं राहणार नाही.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय. हा कान हाये तवरी ग्रूपची दुसरी कॅसेट काढू. गाणे पडून हायेत. ललितानं तवा जुळवले होते ते, सहा गाणे. आमी वाजवलेच नाही."

"भाऊ, आता कॅसेट नाही राहिली."

"जे काही राहिलं असंल ते काढ. मले ऐकाचं हाये."

मी त्यांना चहा दिला. ते बॉक्स, ज्यांच्या शेजारी उभं राहून कान गेला, ते आमच्याच धंद्याचे. आवाज वाढव म्हटलं की आम्ही वाढवायचो. कानाला काय होईल हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. पण वाजवणाऱ्याला बाजूला हो म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती.

किशोर आणि ललिता, दोघंही वामनभाऊसाठी तयार झाले. पण समोरासमोर यायला तयार नाहीत. ललिताने फोनवर स्पष्ट सांगितलं, "सुरेशभाऊ, वामनदादासाठी गाईन. त्याच्यासंगं एका खोलीत नाही बसणार." किशोरचं म्हणणं, "तिची इच्छा नाही तं मी कायले जबरदस्ती करू?"

मला वाटलं, यात अडचण कसली? आजकाल कोण एका खोलीत गातं? मुंबईत गायक सकाळी येतो, गायिका दुसऱ्या महिन्यात येते, वादक परदेशातून वाजवून पाठवतो. कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या एकाखाली एक मांडायच्या की झालं गाणं. मी मोठ्या ऐटीत दोघांना तसं समजावलं. पहिले वामनभाऊंची ढोलकी भरली. मग किशोर आला, हेडफोन लावून आपल्या ओळी गाऊन गेला. पुढच्या सुट्टीला ललिता आली, किशोरचा आवाज कानात ऐकत आपल्या ओळी म्हणून गेली. दोघांचेही गळे थोडे उतरले होते, पण सूर पक्के. मी पहिलं गाणं जोडलं.

जोडतानाच मला कळलं होतं. कुठेही चूक नव्हती. किशोरने ओळ सोडली तिथेच ललिताने उचलली, केसभर मागेपुढे नाही. पण तो कुठे सोडणार हे तिला माहीत होतं, तिने चारदा ऐकलं होतं. पडायची भीतीच नव्हती. मी थोडा घुमारा वाढवला, बासरी टाकली, गाणं सजवलं. सजवलेलं गाणं ऐकायला वामनभाऊंना बोलावलं.

त्यांनी हेडफोन डाव्या कानावर दाबून धरला. डोळे मिटले. गाणं संपलं.

"चांगलं हाये," ते म्हणाले. हेडफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवला. मग पाऊसपाण्याचं बोलले, माझ्या मुलाच्या नोकरीचं विचारलं, आणि गेले.

दुसरं गाणं तयार आहे का, एवढं त्यांनी विचारलं नाही. ज्या माणसाकडे ऐकण्याचे थोडेच दिवस शिल्लक आहेत, त्याला माझं दुसरं गाणं ऐकावंसं वाटलं नाही. मी जोडलेलं सगळं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंबागडची गाडी पकडली.

ललिता अंगणवाडीत होती. पोरं खिचडी खात होती. तिने मला एका छोट्याशा खुर्चीवर बसवलं, म्हणाली, "मोठी खुर्ची सुपरवायझर बाईची हाये, तिच्यावर मीही नाही बसत." मी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. गाणं मेलेलं आहे. एका खोलीत बसल्याशिवाय जिवंत होणार नाही. आणि वामनभाऊंचा कान थांबणार नाही.

तिने एका पोराच्या तोंडावरची खिचडी पुसली. मग म्हणाली, "येते. पण माही एक अट हाये. यावेळी ओळ मी टाकीन. तो उचलंल."

तुम्हाला ही अट साधी वाटेल. आमच्याकडे नाही. खडीगंमतीत टाकणारा तो शाहीर, उचलणारे ते झीलकरी. पोस्टरवर नाव शाहिराचं, झीलकऱ्यांना लोक "अन् पार्टी" म्हणतात. पहिल्या कॅसेटवर किशोरचा फोटो मोठा होता तो याचमुळे.

मी भंडाऱ्याला येऊन थेट दुकानावर गेलो. किशोर एका गिऱ्हाइकाला पाणी भरायचा पितळेचा गुंड दाखवत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी अट सांगितली. त्याचं तोंड उतरलं.

"मी झील धरू? या वयात?"

"हो."

"मले येतच नाही ते. जिंदगीत कधी उचलली नाही मी ओळ."

गल्ल्याजवळ त्याची बायको बसली होती. आमचं बोलणं तिने ऐकलं, आणि फडक्याने गुंड पुसता पुसता म्हणाली, "दिवसभर गिऱ्हाइकाची झील धरता. हो ताई, बरोबर ताई, खरं हाये ताई. एक दिवस तिचीही धरा. का होते?"

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी किशोर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

तिघांना एका खोलीत बसवायचं म्हणजे माझ्या दृष्टीने काय, तेही सांगतो. प्रत्येकाच्या माइकमध्ये बाकी दोघांचा आवाज शिरतो. नंतर एकाची चूक एकट्याची काढता येत नाही. चुकलं तर सगळं पहिल्यापासून. मी खाली सतरंजी टाकली. वामनभाऊ मधे बसले, त्यांचा एक गुडघा किशोरच्या गुडघ्याला टेकलेला, दुसरा ललिताच्या. ते म्हणाले, "असेच राहा. मले कानानं जे नाही समजणार ते इथून समजंल."

ललिताने ओळ टाकली. किशोरने तिच्या आधीच पुढची सुरू केली.

"माही सरली नाही अजून," ती वामनभाऊंकडे पाहून म्हणाली, किशोरकडे नाही. "त्याइले घाई कायची हाये?"

पुन्हा. या वेळी तिने ओळ ताणली आणि तो थांबून राहिला, थांबूनच राहिला. ओळ पडली. आमच्या ग्रूपच्या गाण्यात ओळ पडलेली मी पहिल्यांदा ऐकली. खोलीत असं वाटलं जसं कोणाच्या हातून पितळेचं ताट फरशीवर पडलं.

पुन्हा. पुन्हा. ती प्रत्येक वेळी वेगळ्या जागी सोडायची, आणि तिने तसंच करायला पाहिजे होतं, रीतच ती. वामनभाऊंचा हात दुखायला लागला, ते बोटं मोडत होते पण थांबत नव्हते. किशोरच्या कपाळावर घाम. तो शेवटी चिडला. "तू सोडशीन तं मी उचलू नं. मुद्दाम करून राहिली तू."

तेव्हा ललिता त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"मुद्दाम नाही करत. तुमी भिताडाकडे पाहून राहिले. भिताड काय सांगंल तुमाले? टाकणाऱ्याले कुठीबी पाह्यता येते. उचलणाऱ्याले तोंडाकडे पाहा लागते. मी इतके वर्ष पाह्यलं नाही का तुमच्या तोंडाकडे?"

मी काचेच्या या बाजूला होतो. मशीन चालूच होती. किशोर मान खाली घालून बसला होता. खरं म्हणजे खोलीत आल्यापासून त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. लाज होती ती, आम्हाला वाटलं तोरा.

"त्या कॅसेटात," तो खाली पाहूनच म्हणाला, "त्या बाईनं ओळ पडू देल्ली होती. दोनदा. कंपनीवाल्याइनं ते तसंच ठेवलं."

"मले माईत हाये," ललिता म्हणाली. "ऐकली मी, गाडीत."

"तुले सांगाले पाह्यजे होतं मी. जाच्या आधी. नाही सांगतलं."

वामनभाऊंना यातलं किती ऐकू आलं मला माहीत नाही. त्यांनी दोघांच्या गुडघ्यांना आपले गुडघे दाबले आणि ढोलकीवर थाप मारली. ती थाप तालातली होती की बोलणं संपवायची, ते त्यांनाच माहीत.

किशोरने मान वर केली आणि ललिताच्या तोंडाकडे पाहिलं. तिने ओळ टाकली. ताणली, वळवली, आणि शेवटच्या अक्षरावर हलकेच ओठ मिटले. किशोरने उचलली. सफाईने नाही. धडपडत, थोडी उशिराच, पण पडू दिली नाही. ढोलकी तिथे ताणली होती ती सुटली आणि वामनभाऊ हसले. मला हेडफोन काढून बाहेर जाऊन यावंसं वाटलं, पण मशीन सोडून रेकॉर्डिस्ट उठत नसतो.

त्या दिवशी दोन गाणी झाली. बाकीची पुढच्या सुट्ट्यांना. सगळी चांगली झाली असं नाही. एका गाण्यात किशोरचा सूर खाली गेला आहे, एकात ललिताला मधेच ठसका लागला, तो ऐकू येतो. एका ठिकाणी वामनभाऊंनी जरा जास्तच जोरात थाप मारली, कारण त्यांना ती हळू वाटली. मी काहीच काढलं नाही. काढता येतही नव्हतं, सगळे सगळ्यांच्या माइकमध्ये होते. माझ्या धंद्यातल्या कोणी ऐकलं तर म्हणेल, याला काम येत नाही. म्हणू द्या.

पूर्ण अल्बम ऐकायला वामनभाऊ सकाळी आले. गल्लीत हातोडे सुरू व्हायच्या आधी. किशोर आणि ललिता बाहेर बाकावर बसले होते, मधे एक माणूस बसेल इतकी जागा सोडून, आणि चहाच्या पावडरीच्या भावावर वाद घालत होते. आत मी हेडफोनची एकच बाजू चालू ठेवली, डावी, आणि आवाज जपून लावला. पहिलं गाणं संपलं. वामनभाऊंनी डोळे न उघडता बोट वर केलं. अजून. दुसरं. बोट वर. मधे एकदा त्यांची बोटं मांडीवर चालू लागली आणि मी तिकडे पाहायचं टाळलं. सहावं संपल्यावर ते उठले, दार उघडून बाहेर गेले आणि किशोरला म्हणाले,

"चौथ्या गाण्यात तू पाडत होता ओळ."

"पाडली तं नाही नं, दादा," किशोर म्हणाला.

"नाही. पाडली नाही." मग ललिताकडे वळून, "तूही लय दूर सोडली होती वं. त्याचा जीव घेतं का?"

ललिता पदराने तोंड झाकून हसली. "दादा, इतक्या वर्षांचं होतं. थोडं तं दूर सोडीनच नं."

गाणी आता मोबाइलवर आहेत. स्टँडवरच्या दोन-तीन ऑटोवाल्यांकडे वाजतात, आणि आंबागडच्या अंगणवाडीत पोरं विळ्याचं जुनं गाणंही आता उलटं म्हणतात, पोरी टाकतात, पोट्टे उचलतात. फार नाव झालं असं मी म्हणणार नाही. कंपनी वगैरे कोणी विचारलं नाही.

वामनभाऊंचा डावा कान त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेला. आता ते मशीन लावतात. बोललेलं कळतं, गाणं म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतं म्हणतात. ढोलकी ते अजून वाजवतात, घरच्या घरी.

टेंभरं ग्रूपचा दुसरा अल्बम पूर्ण झाला. तिघं एका खोलीत बसून गायले, सहाही गाण्यांत एकही ओळ खाली पडली नाही, आणि वामनभाऊंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या कानाने ऐकला.